पुडीत काय आहे, हे विचारायचं नाही का?

या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली. सतत थकवा? सकाळी उठवत नाही? हा ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ आहे, सुन्नत इलाज, साइड इफेक्ट शून्य. खाली धडाधड ‘माशाअल्लाह’. त्यात माझा चुलतभाऊही होता, आणि तो बी.फार्म आहे!

हा आजारच नाही. जेम्स विल्सन नावाच्या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने 1998 साली हे नाव चालवलं. 2016 मध्ये ब्राझीलच्या दोन डॉक्टरांनी 58 अभ्यास तपासले. असा आजार असल्याचा पुरावा सापडला नाही. थकवा मात्र खरा असतो. त्यामागे अ‍ॅनिमिया, थायरॉइड, साखर, डिप्रेशन असं काहीही असू शकतं, आणि ते पुडीने सापडत नाही, तपासणीने सापडतं.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरंच बंद पडू शकतात, ती गोष्ट वेगळी. ती मी घरातच पाहिली.

अम्मीला आमवात. बोटं सुजलेली, सकाळी कपही धरवत नसे. कुणीतरी एका बाबांची जडीबुटीची पावडर सुचवली. चार दिवसांत बोटं उघडली आणि अम्मीने अर्ध्या मोहल्ल्याला तिकडे पाठवलं. दोन वर्षं पुडी चालली. चेहरा गोल झाला, साखर वाढली. आम्ही म्हणालो, तब्येत सुधारली. मागच्या वर्षी रमजानमध्ये पुडी संपली, रोजे सुरूच. तिसऱ्या दिवशी उलट्या, बीपी एकदम खाली, अम्मी बेशुद्ध. डॉक्टरांनी विचारलं, “काय घेत होत्या?” मी मान वर करून सांगितलं, “फक्त जडीबुटी.” रक्तात कॉर्टिसोल जवळजवळ नव्हतंच. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की ग्रंथी स्वतःचं काम सोडते. स्टेरॉइड अचानक थांबलं की माणूस कोसळतो.

ऑफिसात अनोळखी लायब्ररी कोडमध्ये घेण्याआधी मी चारदा तपासतो. अम्मीच्या पोटात जाणारी पुडी एकदाही उलटून पाहिली नाही. तिच्यावर ना नाव होतं, ना तारीख.

म्हणून ‘अंग्रेजी दवा गरम पडते’ हे मला आता ऐकवत नाही. तुमच्या ‘थंड’ पुडीत तीच दवा होती, फक्त लपवलेली. कॉर्टिसोन 1948 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णाला दिलं गेलं, 1950 मध्ये त्यावर नोबेल मिळालं. डोस माहीत असला आणि हळूहळू कमी केला, तर ते औषध जीव वाचवतं. अम्मीही त्यावरच वाचली. आता ती मेथोट्रेक्सेट घेते, आठवड्यातून एकदाच (ही गोळी रोज घेतली तर जीवावर बेतू शकते), सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी. वाकडी झालेली दोन बोटं सरळ झाली नाहीत. दोन वर्षं आधी ही गोळी सुरू झाली असती तर कदाचित वाकडी झालीच नसती.

लोक बाबांकडे का जातात, तेही कळतं. सांध्यांचे डॉक्टर मोठ्या शहरात, फी जबर, आणि ते तीन मिनिटांत उठवतात. बाबा तासभर ऐकून घेतो. पण ऐकून घेतलं म्हणून स्टेरॉइड लपवायची परवानगी मिळत नाही. आणि हा युनानीवरचा हल्लाही नाही. इब्न सीनाने तर ‘अल-कानून’मध्ये औषध पारखायचे नियम लिहून ठेवलेत. नाव न लिहिता पुडी विकणाऱ्याने ते पुस्तक उघडलेलं नाही, आणि नबींचं नाव तो फक्त गिऱ्हाइकासाठी घेतो.

रोजाचंही तेच. आजाऱ्याला कुरआनने सूट दिली आहे, नंतर कजा करता येते. तरी आपल्याकडे सूट घेणारी बाई चोरासारखी पाणी पिते. स्टेरॉइड चालू असेल तर रमजानआधी डॉक्टरांना भेटा, मनाने गोळी बंद करू नका. घरात बिननावाची पुडी चालू असेल, तर तीही एकदम थांबवू नका. घेऊन डॉक्टरांकडे जा.

त्या जाहिरातीखाली मी एवढंच विचारलं: पुडीत काय काय आहे? अ‍ॅडमिनने मला ‘गुमराह’ म्हणत ग्रुपमधून काढलं. चुलतभाऊ अजून आत आहे. रोज इफ्तारनंतर तो तोच प्रश्न टाकतो.