पाण्यात मेलेली कुर्ली
वाघोलीत राहून कुर्ल्यांची, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांची, चिंता कशाला, असे वाचक म्हणतील. पण आमचा पुतण्या सुट्टीत आचऱ्याच्या खाडीत कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, घेऊन कुर्ल्या धरतो आणि घाट चढून थेट आमच्या दारात उभा राहतो. पहिल्या खेपेस झाकणाच्या बादलीत खाडीचे पाणी काठोकाठ, आणि आत सगळ्या मेलेल्या!

"काका, पाण्यातला जीव पाण्यातच कसा मेला?"

अरे, कुर्ली कल्ल्यांनी श्वास घेते. साचल्या पाण्यातला प्राणवायू हां हां म्हणता संपतो आणि ती गुदमरते. उलट कल्ले नुसते ओले राहिले, तर हवेतला प्राणवायू तिला पुरतो. म्हणून होडीतल्या बादलीला तळाशी भोके हवीत. नांग्या काथ्याने बांधाव्यात. मोकळ्या सोडल्या तर कुर्ल्या एकमेकींचे पाय तोडतात, शिवाय कयाकमध्ये आपली उघडी पोटरी त्यांच्या अगदी टप्प्यात असते. वर खाडीच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट घालावे, ऊन लागू देऊ नये. नळाचे पाणी नको, थेट बर्फही नको. अशी कुर्ली दोन दिवस सहज तगते. समुद्रातला निळा खेकडा तेवढा दम धरीत नाही. पोटाशी अंडी धरलेली मादी मात्र तिथेच सोडून द्यावी.

मेलेली कुर्ली फार लवकर नासते आणि पोटाला बाधते. आमच्या हिची पारख सोपी आहे: डोळ्याजवळ काडी न्यायची, जिवंत कुर्ली डोळा आत ओढून घेते. परवा अकरांपैकी दहांनी घेतला. अकरावी, वाटण तयार असूनही, कचऱ्यात गेली.