वह्यांचे वाटप झाले, पुढच्या वर्षांचे काय?

जून उजाडला की तालुक्या-तालुक्याच्या गावी वह्यावाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. शाळेच्या पटांगणात मांडव, मागे एखाद्या सेवाभावी क्लबचा फलक, फलकावर अध्यक्ष-सचिवांची छायाचित्रे आणि समोर ओळीने उभी केलेली गोरगरिबांची मुले. एकेक मूल पुढे येते, वह्या हातात घेते, छायाचित्र निघते. दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते आणि क्लबचे त्या वर्षाचे शैक्षणिक कार्य संपते.

क्लबांनी मदत करू नये, असे आम्ही म्हणणार नाही. शिकागोत १९०५ साली रोटरी आणि १९१७ साली लायन्स क्लबची चळवळ सुरू झाली. पोलिओविरुद्ध रोटरीने आणि अंधत्वाविरुद्ध लायन्सने केलेले काम नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. लांबच्या शाळेत पायी जाणाऱ्या मुलीला सायकल मिळाली, तर ती कोणी दिली याची चौकशी करीत बसण्याचे कारण नाही. प्रश्न मदतीचा नाहीच. ही मदत कुठे थांबते, हा खरा प्रश्न आहे.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर. एवढ्या प्रचंड बुद्धीच्या माणसाचेही शिक्षण पैशाअभावी तीन वर्षे तुटले! मग आज बारावीनंतर शुल्क, खोलीभाडे आणि खानावळ या तिहेरी कात्रीत सापडणाऱ्या आमच्या पोरांचे काय होत असेल? वह्या पहिलीपासून मिळतात. मुलगा गळतो तो पुढे, आणि तिथे कोणताही फलक लागलेला नसतो.

बाबासाहेबांनी या अनुभवातून काय धडा घेतला? दात्यांच्या दारात रांग लावा, असे त्यांनी समाजाला सांगितले नाही. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सभेतर्फे सोलापुरात वसतिगृह काढले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी तिजोरीतून तरतूद मिळवली. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. म्हणजे एका हाताने शासनाकडून हक्क घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने स्वतःची संस्था बांधायची. दान लहरीवर चालते, हक्क कायद्यावर चालतो, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

आज मात्र उलटी गंगा वाहवण्याचा खटाटोप दिसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'दत्तक शाळा' योजनेचा निर्णय काढला. कंपन्या, सेवाभावी संस्था आणि दानशूर व्यक्तींनी सरकारी शाळा ठरावीक वर्षांसाठी दत्तक घ्याव्यात आणि त्या बदल्यात शाळेच्या नावाला दात्याने सुचविलेले नाव जोडता यावे, असा तो निर्णय. राज्यघटनेच्या कलम २१ अ ने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घ्या, असे कलम ४६ राज्याला बजावते. ज्या मुलांचे पालकत्व घटनेने राज्यावर सोपवले, त्यांच्या शाळा दत्तक देण्याची वेळ येतेच कशी? क्लबने शाळेला जरूर मदत करावी. पण त्यामुळे शासनाची जबाबदारी कमी होता कामा नये.

आता थोडे स्वतःकडेही पाहू. क्लबांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली वर्गणी, लिहिलेला हिशेब आणि दरवर्षी बदलणारा अध्यक्ष! आमच्या किती मंडळांत हे आहे? जयंतीला डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशात एखाद्या मुलीच्या वसतिगृहाचे वर्ष निघाले असते. दुसरीकडे, चैत्यभूमीवर हारफुलांऐवजी एक वही, एक पेन अर्पण करण्याचा पायंडा आपल्याच कार्यकर्त्यांनी पाडला. तिथे कोणी दाता नाही, कोणी याचक नाही. तोच पायंडा वर्षभर चालला पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक विहारात आणि मंडळात एक नोंदवही ठेवावी. वस्तीतील दहावीपुढच्या प्रत्येक मुलामुलीचे नाव तिच्यात असावे. कोणाचा जातीचा दाखला निघायचा आहे, कोणाचे जातवैधता प्रमाणपत्र अडले आहे, महाडीबीटीवर कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला आहे, याची दर महिन्याला विचारणा व्हावी. शिष्यवृत्ती थकली तर समाजकल्याण कार्यालयात जाब विचारायला दहा माणसे जावीत आणि ती येईपर्यंत मंडळाच्या निधीतून त्या मुलाची खानावळ चालावी. नोकरीला लागलेल्यांनी पगारातून ठरावीक रक्कम या निधीत द्यावी. ते उपकार नव्हेत, ती परतफेड आहे.

वह्या देणाऱ्या क्लबचे आभार मानू. मात्र त्या वहीची शेवटची पाने भरेपर्यंत मुलाच्या पाठीशी उभे राहणे, हे काम चळवळीचे आहे. ते दुसरे कोणी करणार नाही.