विश्लेषण : आजारच नाही, तर हत्तीरोगाच्या गोळ्या का खायच्या?

रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास आरोग्य कर्मचारी दार ठोठावतात. बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब काचपट्टीवर घेतात, नाव-वय लिहितात आणि शेजारच्या घरी जातात. ‘हे दिवसा करता येत नाही का?’ असं त्यांना जवळपास प्रत्येक घरात ऐकावं लागतं. दिवसा आले तर हाती काहीच लागत नाही. हत्तीरोगाच्या कृमीची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात उतरतात. त्यांना पुढच्या माणसापर्यंत नेणारा डासही रात्रीच चावतो.

भंडारा हा पूर्व विदर्भातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. इथे आशाताई घरोघरी गोळ्या घेऊन फिरतात, शाळा-अंगणवाडीत बूथ लागतात, भिंतींवर पोस्टर चिकटतात. २०२७ पर्यंत देशातून हा आजार हटवायचा, असं केंद्र सरकारने जाहीर केलं आहे. हे लक्ष्य पहिलं नाही. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०१५ लिहिलं होतं, २०१७ च्या धोरणात २०१७. औषध आहे, ते फुकट आहे, घरपोच मिळतं. तरी तारीख पुढे का सरकते?

हत्तीरोग होतो कसा?

वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या धाग्यासारख्या कृमीमुळे. बाधित माणसाला क्युलेक्स डास चावला की रक्तासोबत मायक्रोफायलेरिया डासाच्या पोटात जातात. तिथे साधारण दोन आठवडे त्यांची वाढ होते आणि मग तो डास दुसऱ्याला चावतो. डासांमुळे हा रोग पसरतो याचा पहिला धागा पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरला १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात सापडला. डास माणसात रोग पसरवू शकतो, हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. मलेरियाचं कोडं सुटायला त्यानंतर वीस वर्षं लागली.

माणसाच्या शरीरात प्रौढ कृमी लसिकावाहिन्यांत घर करतात आणि सहा ते आठ वर्षं जगतात. या काळात मादी लाखो पिल्लं रक्तात सोडत राहते. बहुतेकांना यातलं काहीच जाणवत नाही. संसर्ग अनेकदा लहानपणी होतो आणि पाय सुजतो तो तरुणपणी किंवा त्यानंतर. पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते, तिचं नाव काढायलाही लोक लाजतात. एकदा लसिकावाहिन्या खराब झाल्या की सुजलेला पाय गोळ्यांनी पूर्ववत होत नाही.

कोविडच्या वेळी रोजचा आकडा यायचा, गाव बंद व्हायचं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर साथ होती. हत्तीरोगाचीही साथच असते, पण ती इतकी संथ की लागण झाल्याचं वर्षसुद्धा कुणाला सांगता येत नाही. म्हणूनच तिच्याविरुद्ध लोकांना उभं करणं अवघड जातं.

निरोगी माणसाला औषध का?

कारण निरोगी कोण, हे कुणालाच माहीत नसतं. ज्याचा पाय सुजला आहे तो दिसतो. ज्याच्या रक्तात जंतू फिरत आहेत तो मात्र धडधाकट असतो, बांधीत काम करतो, क्रिकेट खेळतो. साथ चालू ठेवणारा तोच असतो. गावातल्या प्रत्येकाचं रक्त रात्री तपासणं शक्य नाही. म्हणून भारतात २००४ पासून सरसकट सगळ्यांना वर्षातून एकदा औषध देण्याचा मार्ग धरला गेला. सरकारी भाषेत ‘सार्वत्रिक औषधोपचार मोहीम’.

त्याआधीचा रस्ता वेगळा होता. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला, पण गटारांवर अळीनाशक फवारणी आणि रुग्णशोध हा त्याचा भर मुख्यतः शहरांपुरता राहिला. खेडी बाहेरच होती.

सरसकट औषध लागू पडतं, त्याला जीवशास्त्राचाही आधार आहे. डेंग्यूचा विषाणू डासात वाढतो, हत्तीरोगाचा कृमी डासात संख्येने वाढत नाही. जितके आत गेले, फार तर तितकेच बाहेर. एखाद-दुसऱ्या चाव्याने सहसा लागण होत नाही, त्यासाठी महिनोन् महिने शेकडो चावे लागतात. म्हणजे या साथीची साखळी मुळातच कच्ची आहे. गावातल्या लोकांच्या रक्तातले जंतू काही वर्षं पुरेसे खाली ठेवले तर ती आपोआप तुटते.

एका वेळी किती गोळ्या?

इथे पहिली अडचण येते. दोन औषधांच्या पद्धतीत डीईसी आणि अल्बेंडाझोल असतं. तीन औषधांच्या पद्धतीत त्यात आयव्हरमेक्टिनची भर पडते. ही पद्धत राज्यात २०१९ मध्ये शेजारच्या नागपूर जिल्ह्यापासून सुरू झाली. डीईसी वयानुसार, आयव्हरमेक्टिन उंचीनुसार. पंधरा वर्षांवरच्या व्यक्तीला डीईसीच्या तीन, अल्बेंडाझोलची एक आणि १५९ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच असल्यास आयव्हरमेक्टिनच्या चार. एकूण आठ गोळ्या, एकाच वेळी, काहीही दुखत नसताना.

आठ गोळ्या पाहून माणूस बिचकणार, यात नवल नाही. पण तिसऱ्या औषधाने फरक पडतो. पापुआ न्यू गिनीत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन औषधांचा एकच डोस घेतलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांच्या रक्तात वर्षभरानंतर मायक्रोफायलेरिया नव्हते. दोन औषधं घेतलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होतं.

दोन वर्षांखालची बालकं, गरोदर महिला आणि गंभीर आजारी व्यक्तींना या गोळ्या देत नाहीत. बाळंतपणाला आठवडा न झालेल्या मातेला आणि ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत. तुमच्या गावात दोन औषधं आहेत की तीन, हे आशाताई सांगतील.

वाटप आणि सेवन यांत फरक किती?

सगळा खेळ इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी औषध गिळलं तर ती फेरी परिणामकारक धरतात. गिळलं तर. हातात घेतलं तर नव्हे.

समजा, हजार लोकवस्तीचं गाव आहे. आकडे केवळ हिशेबासाठी घेऊ. ८५० जणांना गोळ्या पोहोचल्या, कागदावर ८५ टक्के. त्यातल्या चौघांपैकी तिघांनी त्या खाल्ल्या, म्हणजे साधारण ६३७ जण. फेरी नापास झाली, पण अहवाल उत्तम दिसतो. म्हणूनच ‘समोर खाऊ घाला’ असा आदेश असतो आणि म्हणूनच आशाताई दारात उभ्या राहून ‘आत्ताच घ्या ना भाऊ’ म्हणतात. त्यांना घालवण्यासाठी ‘जेवून घेतो’ हे वाक्य पुरतं. प्रस्तुत वार्ताहरानेही एका मोहिमेत हेच वाक्य वापरलं होतं. ती पुडी पुढे कित्येक महिने टेबलाच्या खणात होती.

पण ६५ टक्क्यांचा आकडासुद्धा अर्धीच गोष्ट सांगतो. दरवर्षी २० टक्के लोक औषध चुकवतात असं धरू. ते दरवर्षी वेगवेगळे असतील तर दोन फेऱ्यांनंतर दोन्ही वेळा चुकलेले हजारात ४० उरतात, तीन फेऱ्यांनंतर ८, पाच फेऱ्यांनंतर जवळपास कुणीच नाही. तेच २० टक्के लोक दरवर्षी चुकवत असतील तर पाच वर्षांनंतरही हजारात २०० जण असे राहतात, ज्यांनी एकदाही गोळी घेतलेली नाही. दोन्ही गावांच्या अहवालात दरवर्षी ८० टक्केच दिसतील. पहिल्या गावात साथ संपत आलेली असेल, दुसऱ्या गावात तिला हक्काचं घर मिळालेलं असेल.

त्यामुळे किती टक्के झालं यापेक्षा पुन्हा पुन्हा सुटतंय कोण, हे विचारायला हवं. मोहिमेच्या नोंदवहीत या वर्षीचं नाव असतं. मागच्या तीन फेऱ्यांत या नावासमोर काय होतं, हे शेजारी दिसलं तर आशाताईंना नेमक्या कोणत्या वीस घरांत दुसऱ्यांदा जायचं ते कळेल. हे काही फार मोठं तंत्रज्ञान नव्हे, एका तक्त्यात चार रकाने वाढवायचं काम आहे.

सुटतात ते कोण?

आशाताईंच्या फेरीची वेळ आणि कमावत्या माणसाची घरी असण्याची वेळ जुळत नाही, हे पहिलं कारण. डोंगरी बुजरुक किंवा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत किंवा वरठीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा माणूस सकाळी अकराला घरी कसा भेटेल? उन्हाळी धानाच्या रोवणीचे दिवस असले तर बायाही शेतावर असतात. कामासाठी नागपूरला किंवा परराज्यात गेलेला तरुण फेरीच्या आठवड्यात गावी नसतो आणि परततो तेव्हा मोहीम संपलेली असते. घरी राहिलेली म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं गोळ्या घेतात. ज्याच्या रक्तात जंतू असण्याची शक्यता तपासायची, तो जवान गडीच नेमका राहून जातो.

शहरी सुशिक्षित हा दुसरा गट. ‘हा खेड्यातला, घाणीतला आजार’ असं म्हणून तो गोळ्या नाकारतो. मात्र हत्तीरोगाचा क्युलेक्स सांडपाण्यात वाढतो आणि तुंबलेलं गटार किंवा सेप्टिक टँक खेड्यापेक्षा भंडारा, तुमसर, पवनी या शहरांत कमी नाहीत.

तिसरा गट घाबरलेल्यांचा. गोळ्यांनंतर काहींना ताप, डोकेदुखी, मळमळ, चक्कर येते. रक्तातले जंतू मरतात तेव्हा शरीर त्यांना प्रतिसाद देतं, म्हणून हे होतं. बहुधा एक-दोन दिवसांत ते ओसरतं. रक्तात जंतू जास्त असतील तर त्रासही जास्त, म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला औषधाची गरज होती, असंच बहुतेक वेळा म्हणावं लागतं. हे आधी सांगितलं तर माणूस समजून घेतो. आधी ‘काही होत नाही’ म्हटलं आणि संध्याकाळी पोरगं ओकलं, तर पुढच्या वर्षी ते घर दार उघडणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यासाठी पथक असतं, पण तिथला फोन नंबर गोळ्यांच्या पुडीसोबत मिळाला तर जास्त बरं.

डासच का मारत नाहीत?

मारायलाच हवेत, पण कुठे ते माहीत असायला हवं. आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा, म्हणून हत्तीरोगाचं खापर बांधीतल्या पाण्यावर फोडलं जातं. धानाच्या बांधीत क्युलेक्सच्या वेगळ्या जाती वाढतात आणि त्या जपानी मेंदूज्वर पसरवतात. हत्तीरोगाचा डास घराजवळचं गढूळ पाणी शोधतो. शौचालयाच्या व्हेंट पाईपला जाळी बांधणं, नाली वाहती ठेवणं, शोषखड्डा झाकणं, डबक्यात गप्पी मासे सोडणं हे उपाय त्यासाठीच आहेत. प्रौढ कृमी सहा-आठ वर्षं जगतो, त्यामुळे केवळ डासांच्या भरवशावर राहिलं तर तितकी वर्षं एकही ढिलाई चालणार नाही.

चीनने आणखी एक वाट काढली होती. डीईसी औषध मिठात मिसळून लोकांना दिलं. रोजच्या भाजीतून औषध पोटात जायचं, दारात उभं राहून कुणाची मनधरणी करावी लागत नव्हती. २००७ मध्ये चीन हत्तीरोगमुक्त ठरला. भारतात दक्षिणेत अशा मिठाचे प्रयोग झाले, पण आपला कार्यक्रम गोळ्यांवरच राहिला. गोळ्यांनीही हे जमतं. श्रीलंकेने २०१६ मध्ये आणि बांगलादेशने २०२३ मध्ये ते करून दाखवलं.

संपला असं कधी म्हणायचं?

आधी रात्रीच्या रक्तनमुन्यांत मायक्रोफायलेरियाचं प्रमाण एक टक्क्याखाली यावं लागतं. मग सहा-सात वर्षांच्या, म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलांची चाचणी होते. ही मुलं मोहीम सुरू झाल्यानंतर जन्मलेली असतात. त्यांच्यात लागण आढळली तर गावात प्रसार अजून चालू आहे, असा अर्थ होतो. त्यात उत्तीर्ण झालं की गोळ्या थांबतात, पण दोन-तीन वर्षांच्या अंतराने आणखी दोनदा तीच परीक्षा होते. म्हणजे २०२७ मध्ये लगेच सगळं थांबेल, असं नाही.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांचं काय?

मोहिमेच्या पोस्टरवर त्यांचं चित्र असतं, मोहीम मात्र त्यांच्यासाठी नसते. अंडवृद्धीवर शस्त्रक्रियेने इलाज होतो आणि ती सरकारी रुग्णालयांत होते. सुजलेल्या पायाला रोजची निगा लागते. साबण-पाण्याने हळुवार धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, भेगांना मलम लावणं, बसताना-झोपताना पाय उंच ठेवणं आणि सैल चप्पल. यासाठी आरोग्य विभाग टब, मग, साबण, टॉवेल असा संच देतो. पायाला चीर पडली की तिथून जंतू आत शिरतात, पाय लालभडक होतो, थंडी वाजून ताप येतो. प्रत्येक झटक्यानंतर सूज आणखी वाढते.

आणि रोवणीच्या हंगामात आठ-आठ तास गुडघाभर चिखलात उभं राहणाऱ्या बाईला ‘पाय कोरडा ठेवा’ हे सांगणाऱ्याने तिच्या त्या दिवसांच्या मजुरीचं काय, हेही सांगायला हवं. ते अजून कुठल्याही पोस्टरवर नाही.