चप्पल कोल्हापूरची, सही कुणाची?

जून 2025 मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान शहरी भरविलेल्या फॅशन शोमध्ये मॉडेल्सच्या पायात सरळसरळ कोल्हापुरी घाटाची चप्पल होती. कंपनीने तिला नुसती 'चामड्याची सँडल' म्हटले. ओरड झाली तेव्हा प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे कबूल केले. त्या दिवसांत मराठी अस्मितेचा मोठा गजर झाला. त्या गजरात आम्हाला एक शब्द मात्र फारसा ऐकू आला नाही: जात.

मेलेले जनावर ओढणारा महार, कातडे कमावणारा ढोर, चप्पल शिवणारा चांभार, अशी या चपलेमागची उतरंड. वेणी घालणारे हात बहुधा बाईचे. गावाने चप्पल पायात घातली आणि ती करणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले. आता तीच चप्पल सर्वांचा 'वारसा' आहे!

अमेरिकेत लाकोटा आदिवासी स्त्रियांचे असेच झाले. साळिंदराच्या काट्यांचे आणि मण्यांचे त्यांचे भौमितिक काम 'हस्तकला' म्हणून संग्रहालयाच्या कपाटात गेले. गोऱ्या चित्रकारांनी कॅनव्हासवर तशाच आकृत्या काढल्या की ती 'अमूर्त कला' ठरली. डायनी व्हाइट हॉक या लाकोटा चित्रकर्तीने 2022 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी प्रदर्शनात पाच लाखांहून अधिक काचमण्यांची भव्य कलाकृती मांडली आणि अमूर्त कलेच्या इतिहासात आपल्या आज्यांची जागा मागितली. तिथे निदान चित्रकर्तीचे नाव भिंतीवर लागले.

आपल्याकडे काय आहे? कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र आणि कर्नाटकातले प्रत्येकी चार जिल्हे त्यात आहेत, पण नोंद आहे दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांच्या नावे. जुलै 2025 मध्ये काही वकिलांची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर फेटाळली: दाद मागायची तर मानांकनाच्या मालकाने मागावी. डिसेंबरमध्ये या महामंडळांशी प्राडाचा करार झाला. दोन हजार जोड, किंमत सुमारे 800 युरो, म्हणजे 80 हजार रुपयांच्या वर.

चळवळीतला एखादा कार्यकर्ता विचारील, बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले, मग या धंद्याचा अभिमान कशाला? प्रश्न रास्त आहे. चांभाराच्या पोराने चप्पलच शिवावी असे आम्ही कदापि म्हणणार नाही. त्याला कलेक्टर व्हायचे असेल तर तो व्हावा. पण ज्याने आरी हातात ठेवली आहे त्याच्या कसबाचा मोबदला दुसऱ्याने का खावा? शिवाय 2015 च्या गोवंश हत्याबंदीने आणि 2016 च्या उना प्रकरणाने कातड्याच्या धंद्यात दहशत बसवली, तेव्हा हे अस्मितावाले कुठे होते?

महामंडळांनी या दोन हजार जोडांचा हिशेब मांडावा. एका जोडामागे कारागिराच्या हातात किती रुपये पडले, ते जाहीर करावे. आणि प्रत्येक जोडावर करणाऱ्याचे नाव असावे, वेणी घालणाऱ्या बाईचेसुद्धा.