वेगमर्यादा: रस्ता कोणाच्या बापाचा?

संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या रांगेत आणखी एक शब्द आहे: रस्ते. सरकारी पैशातून राखलेला रस्ता वापरण्यापासून जात, धर्म, लिंग यांच्या आधारावर कोणालाही अडवता येणार नाही, असे हे कलम सांगते. हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. 1924 साली वैकोमला देवळाभोवतालच्या रस्त्यावरून नुसते चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला होता. आज रस्त्यावर बंदीची पाटी नाही. आज अडवण्याचे काम वेग करतो.

शहरातल्या रस्त्यावर पायी कोण असते? पहाटे झाडू मारणारा सफाई कामगार, चार घरची धुणीभांडी उरकून परतणारी बाई, नाक्यावरचा मजूर, हातगाडीवाला, महापालिकेच्या शाळेत जाणारी पोरे. यांतले बहुसंख्य कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आम्ही वेगळे सांगायची गरज नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत 32,825 पादचारी होते, म्हणजे रोज नव्वदच्या आसपास. दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग आहे, असे सरकारचाच अहवाल सांगतो. त्या अहवालात मृतांचे वय, लिंग, वाहन यांचे तक्ते आहेत. जातीचा तक्ता नाही. मोजलेच नाही, की प्रश्नही उरत नाही!

आता ही मर्यादा ठरते कशी ते पाहा. एप्रिल 2018 मध्ये केंद्र सरकारने महापालिका हद्दीत मोटारीसाठी कमाल वेग ताशी 70 किलोमीटर ठरवला. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. पण हा आकडा ज्या डोक्यातून निघाला, त्या डोक्याचे काय? ताशी 70 ने धावणारी गाडी एका सेकंदात 19 मीटर जाते. ताशी 30 ची गाडी समोर मूल दिसल्यावर साधारण 13 मीटरमध्ये थांबते. तेवढ्या अंतरात 70 वाल्याचा पाय ब्रेकवर पोहोचलेलाही नसतो. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 30 च्या तुलनेत 70 ला तो पाचपटीहून जास्त होतो. हे दहावीच्या विज्ञानातले गणित आहे. ते माहीत असूनही 70 लिहिले जाते, कारण लिहिणारा गाडीत बसलेला असतो.

यावर ठरलेले उत्तर येते: 'लोकांनी पुलावरून रस्ता ओलांडावा.' डोक्यावर ओझे घेतलेल्या म्हातारीने दोन मजले चढायचे आणि उतरायचे, कशासाठी? तर गाडीवाल्याने ब्रेक दाबू नये म्हणून. सोय त्याची, दम तिचा. शिवाशिवीच्या काळातही उच्चवर्णीयाला वाट मोकळी मिळावी म्हणून आमच्याच माणसांनी बाजूला सरायचे असे. नियम तोच आहे, फक्त शब्द बदलले.

दुसरे उत्तर दंडाचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 नुसार हलक्या वाहनाला अतिवेगासाठी 1,000 ते 2,000 रुपये दंड आहे. घरपोच सामान पोहोचवणाऱ्या पोराची ती दिवसा-दोन दिवसांची कमाई. कोटीची गाडी उडवणाऱ्यासाठी ती हॉटेलातली टीप. दहा मिनिटांत सामान पोहोचवण्याची जाहिरात करणारी कंपनी मात्र मोकळी. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोघांचा जीव घेतला आणि अल्पवयीन आरोपीला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. देशभर संताप उसळला तेव्हा कुठे चक्रे फिरली. मेलेल्यांच्या बाजूने देश उभा राहत नाही, तेव्हा काय होत असेल? धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर मृताच्या घरच्यांना भरपाई 2 लाख रुपये. बाबासाहेबांनी एक व्यक्ती, एक मूल्य सांगितले होते. रस्त्यावर ते मूल्य हे असे ठरते.

म्हणून आम्ही नुसता जास्त दंड मागत नाही. चौकात हवालदाराच्या मर्जीवर चालणारी वेगमर्यादा आधी गरिबालाच पकडते. आमची मागणी साधी आहे. कलम 112 ने राज्य सरकारला वेग कमी करण्याचा अधिकार दिलेला आहे. तो वापरून वस्त्या, शाळा, सरकारी दवाखाने आणि बाजार यांच्या रस्त्यांवर ताशी 30 ची मर्यादा लावा. 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने जिथे माणसे आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे हीच मर्यादा सांगितली आहे. नुसत्या पाट्या ठोकू नका. रस्ताच असा बांधा की वेग घेता येणार नाही: उंच केलेले पादचारी पट्टे, अरुंद मार्गिका, मोकळे पदपथ. मोठ्या रस्त्यांवर कॅमेरे लावा, कारण कॅमेरा आडनाव विचारत नाही. फिनलंडमध्ये मोठ्या अतिवेगाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात बसतो. तसा इथेही बसवा. आणि घाईची कमाई ज्या कंपनीला मिळते, तिला अपघातात जबाबदार धरा.

गाडीवाल्याची पाच मिनिटे जातील. जाऊ देत. त्या पाच मिनिटांची किंमत आजवर आमच्या वस्त्या जीव देऊन मोजत आल्या आहेत. येत्या महापालिका निवडणुकीत मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: आमच्या वस्तीसमोरच्या रस्त्यावर वेग किती ठेवणार? आकडा सांगता येत नसेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.