हापूस निघाला परदेशाला



मुंबई-गोवा महामार्ग कुठून सुरू होतो, सांगा पाहू? बरोबर, आपल्या पनवेलपासून. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ इथून निघतो तो कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ करत थेट कन्याकुमारीला पोचतो. पण मार्च-एप्रिलमधे या रस्त्याची खरी मजा उलट दिशेला असते. देवगड, रत्नागिरी, राजापूर अशा गावांहून पेट्यांनी भरलेले ट्रक रात्रभर धावत पनवेलवरून वाशीच्या बाजाराकडे जातात. ट्रक पुढे निघून जातो आणि वास मात्र मागे रेंगाळतो.

यातले बरेचसे आंबे आपल्याच पोटात जातात. काही मात्र लंडन, न्यूयॉर्क, टोकियोला जायला निघालेले असतात. वर्गात हे सांगत होते तर एकाने हात वर केला, "बाई, मग आंब्याला पासपोर्ट लागतो का?" सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता, बरं का! पासपोर्ट नाही, पण दाखला लागतोच. आंबा निरोगी आहे, त्याच्या अंगात कीड नाही, असा सरकारी दाखला. तो नसेल तर विमानतळावरूनच परत!

एवढं काय भ्यायचं आंब्याला? भीती आंब्याची नाहीच मुळी, भीती आहे एका माशीची. तिचं नाव फळमाशी. घरातल्या माशीपेक्षा फार मोठी नसते. मादी पिकत आलेल्या फळाच्या सालीला बारीकसं भोक पाडून आत अंडी घालते. वरून फळ छान दिसतं. आतमधे अंड्यांतून अळ्या निघतात आणि गर खात सुटतात. अशी एक पेटी परदेशात उतरली, अळ्यांच्या माश्या झाल्या आणि तिथल्या मळ्यांत शिरल्या, तर? ब्रिटनला काळजी होती ती त्यांच्या टोमॅटो-काकडीच्या पिकाची. वर्षाला ३२ कोटी पौंडांचं हे पीक, असं त्यांचं सरकार सांगत होतं.

म्हणून २०१४ साली युरोपीय संघाने एक निर्णय घेतला. युरोपीय संघ म्हणजे युरोपातल्या अनेक देशांनी मिळून केलेली संघटना. ब्रिटनही तेव्हा तिच्यात होता. आदल्या वर्षी, २०१३ मधे, भारतातून आलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली होती. संघाने १ मे २०१४ पासून भारताचा आंबा बंद केला. त्याच्या जोडीला वांगी, कारली, पडवळ आणि अळूही! आता तारीख बघा. १ मे म्हणजे ऐन हंगाम. झाडावर फळ तयार, पेट्या बांधलेल्या आणि दार बंद. आंबा काही वही-पेन नव्हे, की फडताळात ठेवला आणि पुढच्या वर्षी विकला. युरोपात जायचा माल मग इथल्याच बाजारात विकावा लागला, आणि भावही इथलाच घ्यावा लागला.

तिकडे इंग्लंडमधली आपली माणसंही हिरमुसली. लेस्टर गावात भारतीय खूप राहतात. तिथले खासदार कीथ वाझ यांनी ही बंदी उठवावी म्हणून पंतप्रधान कॅमेरून यांच्याकडे आंब्याची पेटीच पाठवली.

अर्ज, पेट्या आणि भाषणं यांनी बंदी उठत नाही. उठली ती कामाने. परदेशी जाणारं प्रत्येक फळ सरकारने मान्यता दिलेल्या पॅक हाऊसमधूनच गेलं पाहिजे, असा नियम आपल्याकडे झाला. फळाला गरम पाण्याची आंघोळ सुरू झाली : ४८ अंश सेल्सियसचं पाणी आणि एक तास डुबी. आतली अंडी-अळ्या मरतात आणि आंबा शिजतही नाही. तुमच्या आईला विचारा, इतका वेळ इतकं नेमकं तापमान सांभाळणं किती कठीण असतं ते! जानेवारी २०१५ मधे युरोपाने आंब्यावरची बंदी उठवली. भाज्यांना मात्र आणखी थांबावं लागलं.

जपानची कहाणी तर याहून लांबलचक. तिथे १९८६ पासून २००६ पर्यंत आपला आंबा बंद होता, कारण तेच, फळमाशी. वीस वर्षं! म्हणजे बंदीच्या वर्षी जन्मलेलं मूल कॉलेजात गेलं तेव्हा बंदी उठली. जपानला गरम पाणी नको होतं, गरम वाफ हवी होती. अमेरिकेची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना माशीबरोबर कोयीत लपणाऱ्या भुंग्याचीही धास्ती. कोयीपर्यंत पोचायचं कसं? तर गॅमा किरणांनी. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्यासाठी उभारलेलं किरणांचं केंद्र होतं, ते इथे उपयोगी पडलं. (घाबरू नका, किरण दिल्याने आंबा किरणोत्सर्गी होत नाही. एक्स-रे काढल्यावर आपण कुठे चमकायला लागतो?) २००६ च्या मार्चमधे राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीला आले होते, तेव्हा भारताचा आंबा खायला आवडेल असं म्हणून गेले. एप्रिल २००७ अखेरीला पहिल्या दीडशे पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या. आणि गंमत ऐका, त्याच सुमाराला भारताने आपले धुराचे नियम जरा सैल करून अमेरिकेच्या हार्ले डेव्हिडसन या अवाढव्य मोटारसायकलींना वाट करून दिली. आंबे तिकडे, फटफट्या इकडे!

आता कुणी म्हणेल, हे मोठे देश उगाच छळतात आपल्याला. मलाही पूर्वी तसं वाटायचं. पण शाळेच्या कुंपणाबाहेर जरा बघा. पांढऱ्या बारीक फुलांचं ते गवत दिसतं ना? गाजर गवत, कुणी काँग्रेस गवत म्हणतं. अंगाला लागलं की खाज सुटते, कुणाला दमा होतो, गुरं तोंड लावत नाहीत. हे आपलं नव्हेच. १९५० नंतरच्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं. परदेशी गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं मानतात. आता ते देशभर पसरलंय आणि सत्तर वर्षं उपटूनही संपत नाही. तेव्हा कुणी बंदरावर ते बी अडवलं असतं तर?

म्हणूनच आपलेही नियम आहेत. बाहेरून येणाऱ्या रोपं, बिया, फळांसाठी भारताचा २००३ सालचा आदेश आहे, आणि आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदरातही त्यासाठी तपासनीस बसतात. परदेशातल्या काकाने येताना बॅगेतून रोपटं किंवा बी आणलं तर तेही अडवलं जाऊ शकतं. मात्र कुठल्याही देशाने उगाच आडकाठी करायची नाही, अडवायचं तर शास्त्रीय कारण दाखवायचं, असं १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारात लिहिलेलं आहे. म्हणजे माशी दाखवा, मग दार लावा.

तेव्हा माशीच्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल.

वाशीला राज्य कृषी पणन मंडळाचं किरणांचं केंद्र आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर तिथे किरण सोडतात तेव्हा अमेरिकेच्या शेती खात्याचा अधिकारी स्वतः हजर असतो. त्याचा खर्च आपल्या बाजूने होतो. सगळं नीट झालं की तो एका कागदावर सही करतो, आणि त्या कागदाशिवाय पेटी विमानात चढत नाही. ८ आणि ९ मे २०२५ रोजी असे आंबे तयार झाले आणि विमानाने गेले. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे त्यातल्या १५ खेपा अडवल्या. माशी सापडली म्हणून नव्हे, तर तो कागद चुकीच्या पद्धतीने दिला गेला म्हणून! व्यापारी म्हणाले, कागद आम्ही नाही लिहिला, आणि सही झाली नसती तर आमचा माल निघालाच नसता. पण त्यांच्यापुढे दोनच मार्ग ठेवले : आंबे परत न्या, नाहीतर इथेच नष्ट करा. परत आणायचं विमानभाडं जबर, आणि येईपर्यंत आंबा सडायचा. शेवटी नष्ट केले. सुमारे ५ लाख डॉलर, म्हणजे सव्वाचार कोटी रुपयांच्या आसपास नुकसान, असा अंदाज व्यापाऱ्यांनी सांगितला.

वर्गात मुलांना विचारलं, तुमच्या मते हे पैसे कुणी भरावेत? एका मुलीने ताडकन सांगितलं, "ज्याने कागद चुकवला त्याने." चौथीतल्या पोरीला जे सुचतं ते नियम करणाऱ्यांना का सुचू नये? कीड मिळाली तर खेप जाळा, हरकत नाही. कागदातली चूक असेल तर कागद दुरुस्त करायला निदान दोन दिवस द्या. आंब्याला तेवढी सवड असते, शीतपेटीत राहतो तो. व्यापाऱ्याचं नुकसान व्यापाऱ्याशी थांबत नाही. पुढच्या हंगामात तो बागायतदाराला कमी भाव देतो, आणि बागायतदार झेला घेऊन झाडावर चढणाऱ्या गड्याला.

बागायतदार तरी काय काय सांभाळणार? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याच्यासाठी ‘रक्षक’ नावाचा फळमाशीचा सापळा तयार केला आहे. एक प्लॅस्टिकचा डबा, त्यात एक वास. त्या वासाने नर माश्या आत येतात आणि अडकतात. नर संपले की मादीची अंडी फुकट. बागेत गेलात तर झाडाला टांगलेले हे डबे जरूर पाहा, पण हात लावू नका. आत किती माश्या पडल्या ते मालक मोजत असतो.

आता तर आपल्याच तालुक्यात नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. वाशीच्या पेट्या उद्या तिथून निघाल्या तर त्यांचा प्रवास तेवढाच कमी होईल.

एक काम करा. या सुट्टीत घरी पेटी आली की तिच्यावर काय काय छापलंय ते वहीत उतरवून घ्या : गाव, बाग, एखादा क्रमांक, एखादी खूण. ‘हापूस’ हे नाव कुणी वापरायचं आणि कुणी नाही, याचाही कायदा आहे. २०१८ साली त्याची नोंद झाली, आणि त्यात आपला रायगड जिल्हाही आहे. ती गोष्ट पुढच्या अंकात. तोवर वही तयार ठेवा.