बंपर बसला, पण रडारचे काय?

डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेजमालक ‘दुरुस्तीचा अधिकार’ मागतात, त्यात धंदा आहेच. पण ग्राहकाचा खिसाही आहे. बंपर बदलणे, रंग जुळवणे कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये होते. अडते पुढे. अनेक नव्या गाड्यांत बंपरमागे रडार असते. ते पुन्हा जुळवायला कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. ते नसेल तर गाडी शेवटी अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जाते आणि बिल तिथल्या दराने होते.

स्पर्धा आयोगाने २०१४ मध्येच १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे खुल्या बाजारात द्या, बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून वॉरंटी नाकारू नका, असे बजावले. कंपन्या न्यायालयात गेल्या. केंद्राचे २०२२ चे ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल तर कंपन्यांच्या मर्जीवरच चालते.